चरणदासची व्रतं आणि वीस बाजूंचा फासा

टेबलाभोवती पाच जण बसलेत. मध्ये कागद, पेन्सिली, चिवड्याची वाटी आणि वीस बाजूंचा एक फासा. एक जण म्हणतो, ‘‘समोरच्या भिंतीत लाकडी दार आहे. पलीकडून पाणी वाहिल्याचा आवाज येतोय.’’ शेजारची म्हणते, ‘‘मी दाराला कान लावते.’’ एवढ्यानं दार तयार झालं. आता तासभर पाचही जण ते दार आहे असं धरूनच वागणार. ते आत उघडतं की बाहेर, यावर वाद होणार. फासा पडणार. आकडा लहान आला तर बिजागरी करकरणार आणि आतला पहारेकरी जागा होणार. खऱ्या खोलीतल्या भिंतीवर फक्त एक कॅलेंडर टांगलेलं आहे, तरी ‘कुठाय दार?’ असं कुणी विचारत नाही.

हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. एक जण गेम मास्टर होतो. जग त्याचं, पाऊसपाणी त्याचं, राक्षस आणि रस्त्यावरचे दुकानदारही त्याचेच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. निकाल कुठल्या बाजूला झुकेल हे सांगता येत नसेल, तिथे फासा टाकायचा. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एक कॅम्पेन, म्हणजे सलग पुढे जाणारा डाव, महिनोन्‌महिने चालतं आणि शेवटी हाती उरते सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट. ती कशी संपणार हे सुरुवातीला गेम मास्टरलाही ठाऊक नसतं.

या खेळाचा पाया पाहिला की मला फार नवल वाटतं. क्रिकेटला निदान खेळपट्टी असते, बुद्धिबळाला पट असतो. इथे सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा: समोरच्यानं उच्चारलेला शब्द खरा मानायचा. एवढ्या नाजूक पायावर माणसं राज्यं, जंगलं, शहरं उभी करतात. मग त्यात एखादा हेका धरणारा खेळाडू आला तर काय होतं? आणि माणसं त्याला कसं सांभाळतात? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर रायपूरच्या मातीत सापडतं. तिथे जाण्याआधी टेबलावरची अडचण नीट पाहू.

लबाड आणि डाव मोडणारा

अवघड खेळाडूची रूपं ओळखीची आहेत. एकाला नियमांचं पुस्तक तोंडपाठ असतं. गोष्ट रंगात आली की तो पान क्रमांक सांगून तिला थांबवतो. एक जण प्रत्येकाच्या पाळीत बोलतो. राजानं प्रश्न विचारला राजकन्येला, उत्तर देतो हा. एकाचं डोकं फोनमध्ये असतं आणि पाळी आली की तो विचारतो, ‘‘काय चाललंय?’’ आणि चौथा सर्वांत गाजलेला. त्याचं पात्र चोर असतं. रात्री मुक्कामाला सगळे झोपले की तो आपल्याच सोबत्यांच्या थैल्या कापतो. जाब विचारला तर त्याचं उत्तर तयार असतं: ‘‘मी काय करू? माझं पात्र असंच वागेल.’’

योहान हाउझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ नावाचा ग्रंथ लिहिला. संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे, असा त्याचा सिद्धान्त. त्यात त्यानं दोन माणसांमधला एक बारीक भेद दाखवला आहे. लबाडी करणारा नियम मोडतो, पण चोरून. म्हणजे नियम आहे हे त्याला मान्य असतं. डाव मोडणारा मात्र खेळाचं जगच नाकारतो. म्हणून समाज लबाडाला जितक्या सहज माफ करतो, तितकं डाव मोडणाऱ्याला करत नाही, असं निरीक्षण हाउझिंगानं नोंदवलं. गल्लीतल्या पोरांना हे पुस्तक न वाचताच कळतं. चोरून एक रन वाढवणाऱ्याशी भांडण होतं आणि खेळ पुढे चालतो. बॅट घेऊन घरी निघून जाणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी कुणी हाक मारत नाही.

आता आपल्या चौघांकडे पुन्हा बघा. नियमवाला, मध्येच बोलणारा आणि चोर यांच्यापैकी कुणीही खेळाचं जग नाकारत नाही. उलट ते त्यात आकंठ बुडालेले आहेत. नियमवाल्याला ते जग इतकं खरं वाटतं की त्यातली एक विसंगतीही त्याला सहन होत नाही. फोनवाल्याचं थोडं वेगळं. पण तोसुद्धा दर शनिवारी येऊन बसतो, म्हणजे त्यालाही इथे काहीतरी हवं आहे. डाव मोडायला आलेला माणूस विरळा. बहुतेक अवघड खेळाडू त्याच टेबलावर बसून दुसराच एखादा खेळ मन लावून खेळत असतात.

अवघड खेळाडूंच्या पोटी जन्मलेला खेळ

हा खेळ जन्मला तोच अशा खेळाडूंमुळे. १९६९ साल, अमेरिकेतली मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं. तिथे काही तरुण टेबलावर शिशाचे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळत. डेव्हिड वेसली हा त्यांच्यातला एक. त्यानं ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाभोवतीची लढाई मांडली. फौजा दोनच आणि खेळणारे बरेच, म्हणून उरलेल्यांना त्यानं गावातल्या भूमिका दिल्या: कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई सुरू होण्याची वाट बघत त्यांनी बसावं, अशी कल्पना.

वाट कोण बघतो! नगराध्यक्ष आणि सावकार कोपऱ्यात जाऊन कारस्थानं करू लागले. दुसऱ्या खोलीत गुप्त बैठका झाल्या. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. त्यासाठी नियमच नव्हता, तो वेसलीला उभ्या उभ्या बनवावा लागला. लढाई राहिली बाजूला. वेसली खिन्न झाला, आपला डाव पार फसला असं त्याला वाटलं. खेळाडू मात्र त्याच्या मागेच लागले: पुन्हा कधी?

पुढे त्यानं बनानिया नावाच्या लॅटिन अमेरिकी देशातल्या क्रांतीचा डाव मांडला. त्यात डेव्ह आर्नसन नावाच्या तरुणाकडे विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका होती. या गृहस्थानं घरून येतानाच सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून आणलं आणि आपण खरे गुप्तहेर आहोत असं बाकीच्यांना पटवून दिलं. शेवटी राजधानीवर पत्रकं उधळत तो हेलिकॉप्टरमधून निघाला. डाव रचणाऱ्याच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. कुठल्याही गेम मास्टरला घाम फोडेल असा हा खेळाडू.

याच आर्नसननं पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचं स्वतःचं काल्पनिक जग उभं केलं आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. वेसलीनं त्या पहिल्या रात्री ‘सांगितलं तेवढंच करा’ म्हणून सगळ्यांना दामटून बसवलं असतं, तर एका नव्या कलाप्रकाराचा गर्भातच अंत झाला असता. लढाईच्या टेबलावर ही माणसं अवघड होती, कारण ती जो खेळ खेळत होती त्याला अजून नावच नव्हतं.

शाळेच्या मैदानावरची रात्र

आता रायपूर. १ सप्टेंबर १९२३ रोजी नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर यांचा जन्म इथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी, मग मुंबईत इप्टा ही नाट्यसंस्था, दिल्लीत १९५४ चं ‘आग्रा बाजार’, त्यानंतर लंडनच्या राडा या नाट्यसंस्थेत आणि ब्रिस्टल ओल्ड विकमध्ये नाट्यशिक्षण, बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या नाटकांचा सहवास. असा माणूस १९५८ साली घरच्यांना भेटायला रायपूरला आला. ज्या शाळेत शिकले त्याच शाळेच्या मैदानावर रात्री नाचा, म्हणजे छत्तीसगढी लोकनाट्य, आहे, असं त्यांना कळलं. ते गेले आणि रात्रभर बसून राहिले.

इथल्या मराठी माणसाला नाचा कळायला वेळ लागत नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर १८५४ पर्यंत होता. तात्यापाऱ्यातली जुनी मराठी घरं आणि चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ ही रायपूरची ओळखीची ठिकाणं आहेत. तमाशातला सोंगाड्या ज्यानं पाहिला आहे त्याला नाचातला जोकर घरचाच वाटतो; साडी नेसून परी होणारा पुरुषही अनोळखी वाटत नाही. उघड्या मैदानावर, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा हा खेळ. हातात लिहिलेली संहिता नाही. प्रसंगाचा सांगाडा ठरलेला. बोलणं जागच्या जागी सुचणारं, आणि प्रेक्षकांतून आलेला शेरासुद्धा त्यात ओवला जाणारा. फासा नाही, पात्राच्या नोंदींचा कागद नाही. पण मिळून गोष्ट रचायची ही कला तीच.

त्या रात्रीनं तनवीर भारावले. ठाकुरराम, भुलवाराम, मदनलाल निषाद, लालूराम अशा सहा कलावंतांना ते दिल्लीला घेऊन गेले आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून केलेल्या ‘मिट्टी की गाडी’त त्यांना उभं केलं. पुढच्या वर्षी मोनिका मिश्रा यांच्यासोबत नया थिएटर स्थापन झालं.

आणि इथे नवल घडलं, पण उलट्या बाजूनं. मैदानावर हजारोंना पहाटेपर्यंत खिळवून ठेवणारी ही माणसं तालमीत अवघडून गेली. लंडनमध्ये शिकलेला दिग्दर्शक सांगायचा, इथून तिरकं चालत जा, तिथे थांब, मग बोल. त्यांना रंगमंचावरचं डावं-उजवं लक्षात राहायचं नाही, आखलेल्या रेषेवर ती चालायची नाहीत. ज्याला आपण ब्लॉकिंग म्हणतो ते त्यांच्या अंगात शिरेना. कागदावर बघितलं तर हे अवघड खेळाडू होते: सूचना पाळत नाहीत, ठरल्या जागी थांबत नाहीत, प्रेक्षक ज्या बाजूनं दाद देईल त्या बाजूला वळतात.

आपली चूक कुठे होतेय हे उमगायला तनवीर यांना बरीच वर्षं लागली. त्यांनी पुढे हे स्वतःच मोकळेपणानं सांगितलं आहे. दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. एक, ही माणसं छत्तीसगढीत विचार करतात आणि आपण त्यांच्या तोंडी हिंदी घालतो. दोन, ज्यांनी आयुष्यभर चहूकडून बसलेल्या लोकांसमोर मोकळं फिरत खेळ केला, त्यांना आपण आखीव रेषांवर चालवतो. १९७० नंतर त्यांनी दोन्ही सोडलं. कलावंतांना त्यांच्या बोलीत बोलू दिलं, प्रसंग सांगून मोकळं सोडलं. १९७३ साली रायपुरात नाचा कलावंतांची मोठी कार्यशाळा झाली. तिथे तीन जुन्या नकला एकत्र गुंफून ‘गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ उभं राहिलं आणि त्याच माणसांच्या अंगातली वीज रंगमंचावर चमकली.

यातली एक बारीक गोष्ट निसटू देऊ नये. तनवीर यांनी शिस्त सोडली नव्हती, क्रम बदलला होता. आधी कलावंतांनी खेळायचं, त्यातून प्रसंग फुलवायचा. तो फुलला की मग दिग्दर्शकानं हालचाली पक्क्या करायच्या. अवघड ठरलेली माणसं तीच होती. बदलला तो त्यांच्यापुढे मांडलेला खेळ.

एकाच टेबलावर चार खेळ

रायपुरात हे घडल्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९८० मध्ये, ग्लेन ब्लाको या अमेरिकी खेळाडूनं एका लेखात हीच गोष्ट टेबलाच्या अंगानं मांडली. खेळायला येणाऱ्यांचे कल त्यानं चार सांगितले. कुणाला पात्राच्या कातडीत शिरायचं असतं. कुणाला मोठी गोष्ट घडताना पाहायची असते. कुणाला आपलं पात्र दिवसेंदिवस बलाढ्य करायचं असतं. आणि कुणाला डावपेच लढवून गेम मास्टरच्या सापळ्यांवर मात करायची असते. चौघांच्या हातात नियमांचं पुस्तक एकच, पण प्रत्येक जण त्यातून वेगळा खेळ काढतो.

हे कळलं की गेम मास्टर खेळाडूकडे बघतो ती नजरच बदलते. नियमवाल्याला गप्प बसवण्याऐवजी त्याला सांगता येतं, ‘‘लढाई लागली की नियम बघायचं काम तुझं, मी विचारीन तेव्हा सांग.’’ मध्येच बोलणाऱ्याला गोष्टीची ओढ असते. त्याच्याकडे मागच्या वेळची हकिगत सांगायचं काम द्यावं आणि इतरांच्या पाळीत मात्र ठामपणे नाव घेऊन विचारावं, ‘‘हे मी तिला विचारलंय.’’ फोनमध्ये डोकं घातलेल्याला कदाचित बोलण्यापेक्षा लढाई हवी असते आणि तीन शनिवार नुसता दरबार भरलेला असतो.

पण दुरुस्ती करायची कुठे? इथे गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. मिनीॲपोलिस परिसरातल्या खेळाडूंमध्ये बसून, त्यांच्यासोबत खेळून त्यानं १९८३ साली ‘शेअर्ड फँटसी’ हे पुस्तक लिहिलं. टेबलावर बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन थरांवर वावरतो, असं त्यानं दाखवलं. तो एक माणूस असतो: त्याला भूक लागते, सकाळी ऑफिस असतं, घरी काही बिनसलेलं असतं. तो एक खेळाडू असतो: त्याला नियम ठाऊक असतात, हातात फासा असतो. आणि तो एक पात्र असतो, ज्याला यातलं काहीही माहीत नसतं. दोन वाक्यांत तो तिन्ही थर ओलांडतो आणि ऐकणारे एका क्षणात ओळखतात की आता कोण बोललं. मनाची ही चपळाई मला फाशातल्या आकड्यांपेक्षाही थोर वाटते.

बहुतेक भांडणं चिघळतात ती थर चुकल्यामुळे. एखादा माणूस सोबतच्या मुलीला वारंवार मध्येच थांबवून स्वतः बोलतो, म्हणून गेम मास्टर गोष्टीत त्याच्या पात्रावर ड्रॅगन सोडतो. दुखणं माणसाच्या थरावर आणि औषध पात्राच्या थरावर. पात्र मरतं, माणूस तसाच राहतो, वर त्याला अन्याय झाल्यासारखं वाटतं. माणसाचं बोलणं माणसाशीच करायला हवं, आणि तेही चारचौघांत नको.

समजा, रायपुरातला एक गट आहे. गेम मास्टर वयानं थोडी मोठी, सगळे तिला ताई म्हणतात. खेळ संपल्यावर बाकीचे चपला घालत असताना ती मध्येच बोलणाऱ्या मुलाला म्हणते, ‘‘थांब रे जरा, चहा टाकलाय.’’ मग ओट्याशी उभ्या उभ्या, ‘‘तिची पाळी आली की तू बोलतोस, आज दोनदा झालं. मागच्या अर्ध्या तासात ती एक शब्द बोलली नाही, लक्षात आलं का तुझ्या?’’ तो म्हणतो, ‘‘ताई, ती फार वेळ लावते, गोष्ट अडते ना!’’ ताई विचारते, ‘‘तुला खेळात काय आवडतं, सांग बघू. गोष्ट पुढे गेलेली? मग तिच्या पात्राला प्रश्न विचार. तू विचारलंस तर ती बोलेल आणि गोष्ट दुप्पट वेगानं जाईल.’’ या बोलण्यात काय घडलं ते जरा बारकाईनं पाहा. काय झालं ते नेमकं सांगितलं, स्वभावावर शिक्का मारला नाही. त्याला काय हवंय ते विचारलं. आणि ते मिळवण्याची इतरांना न तुडवणारी वाट दाखवली.

टाइम प्लीज

भांडणं आधीच कशी टाळायची, यासाठी सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या दशावतारी मंडळींकडे बघा. त्यांच्या नाटकाची संवादांची वही नसते. प्रयोगाआधी आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, प्रसंगांचा क्रम ठरतो. मग चेहऱ्याला रंग चढतो आणि पुढचा सगळा शब्दांचा सामना रंगमंचावर जागच्या जागी घडतो. तयारी थोडकी, पण तिच्याविना एकही पाऊल पडत नाही. रोलप्लेइंगच्या गटांनी याच गरजेतून ‘सेशन झीरो’ची पद्धत रुजवली. पहिल्या दिवशी फासा हातात घ्यायचाच नाही. कसली गोष्ट हवी, किती भीती चालेल, कुठला विषय नको, सोबत्याची चोरी चालेल का, कोण किती वाजता येणार, हे बोलून घ्यायचं. २०२० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या अधिकृत पुस्तकातही या बैठकीला स्वतंत्र जागा मिळाली. कथेचा साचा नंतर घडला तरी चालतो. माणसांमधला करार मात्र आधी व्हायला हवा.

कराराबाहेरचं काही अचानक समोर आलं तर? जॉन स्टाव्रोपुलस या गेम डिझायनरनं २०१३ च्या सुमारास ‘एक्स कार्ड’ आणलं. फुली काढलेलं एक कार्ड टेबलाच्या मध्ये ठेवायचं. प्रसंग सहन होईनासा झाला तर कुणीही त्या कार्डावर बोट ठेवायचं. तो प्रसंग तिथेच वगळला जातो; कारण काय, हे कुणी विचारत नाही. हे वाचताना मराठी वाचकाला आपलं अंगण आठवायला हवं. पळापळीत धाप लागली, काटा रुतला, चप्पल तुटली की आपण ‘टाइम प्लीज’ म्हणायचो आणि राज्य असलेला मुलगा हात लांब केलेल्या अवस्थेत थांबायचा. आणि धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, म्हणून ‘कच्चं लिंबू’. नवख्या, बुजऱ्या खेळाडूला पहिले काही दिवस असंच सांभाळून घेतलं की तो फोनच्या आड लपत नाही. मोठ्या माणसांनी नव्यानं शोधलेली ही साधनं पोरांनी कुणाच्या शिकवण्याविना केव्हाच घडवली होती.

व्रतस्थ चोर

उरला तो चोर. ‘माझं पात्र असंच वागेल’ म्हणणारा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चोर हा पात्रांचा स्वतंत्र वर्ग म्हणून आला १९७५ साली, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. कुलपं उघडणं, सापळे निकामी करणं, सावलीत लपणं, खिसे कापणं ही त्याची कौशल्यं. आणि त्याच १९७५ साली छत्तीसगढी रंगभूमीवर दुसरा एक चोर आला: चरणदास.

विजयदान देथा यांनी सांगितलेल्या राजस्थानी लोककथेवरून तनवीर यांनी १९७४ मध्ये भिलाईच्या कार्यशाळेत कलावंतांसोबत हे नाटक आकाराला आणलं, उघड्या मैदानावर सतनामी समाजापुढे त्याचं पहिलं छोटं रूप सादर केलं, आणि पुढच्या वर्षी ‘चरणदास चोर’ पूर्ण रूपात उभं राहिलं. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. गोष्ट अशी: शिपायापासून पळत चोर एका गुरूकडे येतो. चेष्टेत चार व्रतं घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला हे कोण देणार! गुरू त्याच्याकडून पाचवं व्रत घेतो: खोटं बोलणार नाही. चोरी मात्र तो सोडत नाही, ते त्याचं कामच आहे. मग एकेक करून चारही अशक्य गोष्टी त्याच्यापुढे हात जोडून उभ्या राहतात. हत्ती येतो, सोन्याचं ताट येतं, शेवटी राणी लग्नाचं विचारते. तो नाही म्हणतो. झालेलं कुणाला सांगू नकोस, असं राणी विनवते. खोटं बोलणार नाही हे व्रत तेही करू देत नाही. आणि त्याचा जीव जातो.

आता टेबलावरच्या चोराशी ताडून पाहा. काहीही करायला मोकळा असलेला चोर सोबत्याची थैली कापतो, पुन्हा कापतो, आणि गोष्ट तिथेच घुटमळते. पाच व्रतांनी बांधलेल्या चोराची गोष्ट मात्र जगभर फिरते. प्रत्येक ‘नाही’सरशी ती एक पायरी वर चढते. पात्राला मर्यादा घातली की गोष्ट आखडते, हा समज या नाटकानं खोटा ठरवला आहे. म्हणून अशा खेळाडूला ‘तू चोर होऊ नकोस’ म्हणायची गरज नसते. त्याला विचारावं, ‘‘तुझा चोर कुठली एक गोष्ट मेला तरी करणार नाही?’’ पात्र असंच वागेल, हे खरं. पण पात्र घडवणारा खेळाडू आहे आणि पात्राच्या हातून काय होणार नाही हे तोच ठरवतो. सोबत्यांना दगा देणार नाही, एवढं एक व्रत घेतलेला चोर गटातला सर्वांत लाडका होऊ शकतो.

निरोपाची पायरी

एवढं करूनही काही जणांचं जमत नाही. तेव्हा काय करावं, याचं उत्तर एलिनॉर ऑस्ट्रम यांच्या कामात सापडतं. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गावांनी शेकडो वर्षं सामाईक कुरणं, जंगलं, पाणी कसं टिकवलं, याचा त्यांनी अभ्यास केला. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा पायरीपायरीनं वाढते, असं त्यांना आढळलं. जपानी गावांत सामाईक जंगलात चोरून शिरलेला कुणी सापडला की पहारेकरी त्याच्याकडून थोडे पैसे किंवा साके वसूल करत आणि प्रकरण मिटे. पुनःपुन्हा घडलं तर मात्र गाव त्याच्याशी संबंध तोडत जाई. पहिल्या चुकीला हलकी शिक्षा, कारण कुणाच्याही हातून चूक होऊ शकते. पण शेवटची पायरी आहे, हे सर्वांना ठाऊक.

मिळून रचलेली गोष्टसुद्धा अशीच सामाईक मालमत्ता आहे. आधी एकट्याशी बोलणं, मग गटासमोर स्पष्ट करार, मग काही काळ विश्रांती, आणि तरीही कुणी इतरांना सतत दुखवत राहिला तर शांतपणे, कारण सांगून निरोप. खेळातल्या मित्राला जा म्हणणं निर्दयपणाचं वाटतं, म्हणून कित्येक गट ते टाळतात. मग एकेक करून शांत माणसं यायची थांबतात आणि ज्याच्यामुळे गेली तो एकटा उरतो. कुणाला तोडून बोलणं, धमकावणं, मुद्दाम लाजवणं असेल तर सगळ्या पायऱ्या चढायची वाटही पाहू नये.

बाकीच्या सगळ्यांसाठी मात्र तो प्रश्न आधी विचारावा, जो तनवीर यांनी बऱ्याच वर्षांच्या धडपडीनंतर स्वतःला विचारला: हा माणूस अवघड आहे, की मी त्याच्यापुढे मांडलेला खेळ त्याचा नाही? या प्रश्नापाशी थांबायला अहंकार थोडा बाजूला ठेवावा लागतो. पण तो विचारला गेला म्हणून छत्तीसगढच्या खेड्यांतले कलावंत एडिंबरोपर्यंत पोचले, आणि खेळाडूंनी पुढच्या डावाचा आग्रह धरला तेव्हा वेसलीनं ऐकलं म्हणून आज जगभर माणसं नसलेल्या दाराला कान लावून बसतात. तुमच्या गटातला सर्वांत अवघड खेळाडू कदाचित असाच एखादा न मांडलेला डाव सोबत घेऊन आला असेल. पुढच्या शनिवारी त्याला तो मांडू द्या.